केडगावचे कृपासदन

आज नाताळ. वसईच्या वाड्यांतून, पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांतून ख्रिस्ती बांधवांच्या दारांवर कागदी चांदण्या झळकत आहेत. मध्यरात्रीची उपासना आटोपून मंडळी घरोघर परतली आहेत. गोव्यातल्या अंगणांत गोठ्याचा देखावा मांडून बालयेशूला गवताच्या शेजेवर निजविलेले आहे, आणि नेवऱ्या-दोदोलाची ताटे शेजारधर्माच्या वाटेने हिंदूंच्या घरीही पोहोचत आहेत. दिवाळीचा फराळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने नाताळचा फराळ यावा, ही आपल्याकडची जुनी रीत. आम्ही या मंगल दिवशी फराळाच्या जोडीला त्या शेजाऱ्याच्या श्रद्धेचा गाभा वाचकांपुढे ठेवू इच्छितो. शेजाऱ्याच्या घरचा गोडवा चाखावा आणि त्याच्या देवघरात काय आहे ते मात्र कधी विचारू नये, हे काही खऱ्या शेजाराचे लक्षण नव्हे.

या श्रद्धेचा गाभा त्या बालकाच्या नावातच आहे. 'येशू' या मूळ इब्री नावाचा अर्थ 'परमेश्वर तारतो' असा होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत योसेफाला हे नाव सांगतो आणि त्याचे कारणही सांगतो: हा बालक आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. मराठी ख्रिस्ती समाज येशूला 'तारणारा' म्हणतो. भवसागर, त्यातली नौका आणि पैलतीराला नेणारा नावाडी ही चित्रे ज्या भाषेत शतकानुशतके घरोघरी गायिली गेली, त्या भाषेला हा शब्द परका वाटण्याचे कारणच नाही.

परका वाटतो तो पुढचा विचार. ख्रिस्ती धर्म म्हणतो की, मनुष्याला पापाची क्षमा मिळते ती त्याच्या पुण्याईने, व्रतांनी, दानाने वा प्रायश्चित्ताने नव्हे. ती केवळ ईश्वरी कृपेने मिळते, आणि श्रद्धेने ती स्वीकारावयाची असते. जसे पेरावे तसे उगवते, हे बाळपणापासून ऐकत आलेल्या श्रद्धाळू हिंदू मनाला यावर साहजिकच प्रश्न पडतो. केलेले कर्म भोगल्यावाचून कसे सुटेल? आणि क्षमा जर अशी फुकट मिळू लागली, तर सदाचाराला अर्थ काय उरला?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही आज एका मराठी स्त्रीच्या जीवनात शोधणार आहोत. ती एका पुराणिकाची कन्या होती, संस्कृतची पंडिता होती, आणि हा प्रश्न तिने स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन सोडविला. तिचे नाव पंडिता रमाबाई.

उडाऊ पुत्र आणि थोरला भाऊ

रमाबाईंच्या कथेकडे वळण्यापूर्वी येशूने सांगितलेला एक दृष्टांत ध्यानी घेतला पाहिजे. कृपेचा सारा विचार त्यात सामावलेला आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तो आला आहे.

एका गृहस्थाला दोन पुत्र होते. धाकट्याने बाप जिवंत असतानाच आपला वाटा मागून घेतला, दूरदेशी जाऊन तो उधळला, आणि दुष्काळ पडताच डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर आली. येशूचे श्रोते यहुदी होते आणि डुकर हा त्यांना अत्यंत निषिद्ध प्राणी. तेव्हा मुलाच्या अधोगतीचा याहून खालचा तळ त्यांना कल्पिता आला नसता. मुलाने मनाशी क्षमायाचनेचे शब्द जुळविले. पुत्र म्हणवून घेण्याची आपली योग्यता आता उरली नाही, निदान चाकर म्हणून तरी बापाने ठेवून घ्यावे, असा त्याचा विचार होता. परंतु तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिले. तो म्हातारा धावत गेला आणि त्याने मुलाच्या गळ्याला मिठी मारली. चाकरीची विनंती मुलाच्या तोंडून बाहेरही पडली नाही, तोच उत्तम वस्त्र, बोटात अंगठी, पायांत जोडे आणि घरात मेजवानी, अशा आज्ञा सुटल्या.

येथे घटनांचा क्रम पाहण्याजोगा आहे. मुलाने आधी वर्षभर चाकरी करून दाखवावी, सुधारल्याची खात्री पटवावी आणि मग त्याला घरात घ्यावे, हा व्यवहाराचा क्रम झाला. बापाने तो उलटा केला. स्वीकार आधी झाला. सुधारणा पुढे घरात राहून होणार होती.

मात्र दृष्टांत येथे संपत नाही. थोरला मुलगा शेतावरून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि रागाने दाराबाहेरच थांबतो. इतकी वर्षे मी राबलो, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, माझ्यासाठी असा सोहळा कधी झाला का, ही त्याची तक्रार. नियमाने वागणाऱ्या प्रत्येक मनाची तक्रार हीच असते, आणि ती खोटी आहे असे बापही म्हणत नाही. तो स्वतः बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलेच नाही.

येशूनंतर हा विचार सिद्धांतरूपाने मांडला तो प्रेषित पौलाने. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, तारण ही देणगी आहे, कमाई नव्हे. म्हणून कोणालाही स्वतःच्या पुण्याचा गर्व करण्यास जागा उरत नाही. पण देणगी घेणाऱ्याला फुकट असली तरी देणाऱ्याला तिचे मोल पडले, असेही ख्रिस्ती श्रद्धा सांगते. रोमन सुभेदार पिलात याच्या अमदानीत यरुशलेम नगराबाहेर येशूला क्रूसावर खिळण्यात आले. त्या मरणात ईश्वराने मनुष्याच्या पापाचे ओझे स्वतःवर घेतले, अशी ही श्रद्धा आहे. पापाचा हिशेब पुसला गेला नाही. तो दुसऱ्याने चुकता केला. नाताळच्या गोठ्यातल्या बालकाकडे ख्रिस्ती भाविक पाहतो तेव्हा त्याला दूरवर हा क्रूसही दिसत असतो.

कृपा आणि मनुष्याचा प्रयत्न यांचे नाते नेमके कसे, यावर खुद्द ख्रिस्ती जगात मोठे वाद झाले. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन आणि पेलेजियस यांचा झाला. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने उठविलेल्या वादळातून तर पश्चिमेचे चर्च दुभंगले. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथीयांनी या प्रश्नावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. म्हणजे हा समेट व्हावयास जवळजवळ पाच शतके लागली. यावरून या श्रद्धेच्या रचनेत कृपा हा शब्द केवढा भार पेलतो, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

पुराणिकाची कन्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान आणि वैष्णव भक्त. पत्नीला संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना लोकनिंदा सोसावी लागली आणि शेवटी रानात आश्रम बांधून राहावे लागले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर शास्त्रीबोवांनी, लक्ष्मीबाईंनी आणि पुढे मुलांनी पुराण सांगावे, श्रोत्यांनी ठेवलेल्या शिध्यावर निर्वाह करावा, असे ते जीवन होते. भागवतातले हजारो श्लोक रमाबाईंना आईकडून मुखोद्गत झाले होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. धर्मग्रंथांत सांगितलेले सर्व उपाय या कुटुंबाने निष्ठेने केले. जवळचे द्रव्य दानात दिले, तीर्थांत स्नाने केली, अनुष्ठाने केली, उपवास केले. अन्न संपले तेव्हा झाडपाला खाल्ला. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण गेली. मरणापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेतले आणि, मी तुला देवाच्या हाती सोपविले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचा निरोप दिला. रमाबाईंनी ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. धर्म बदलल्यानंतरही वडिलांचा हा शब्द आपण मोडला, असे त्यांना कधी वाटले नाही.

रमाबाई आणि बंधू श्रीनिवास यांनी यानंतर हजारो मैल पायी प्रवास केला. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु याच कलकत्त्यात धर्मशास्त्राचे वाचन करीत असताना त्यांच्या मनात काटा रुतला. स्त्रियांना वेदाधिकार नाही आणि स्त्री म्हणून मोक्षाचे दारही उघडे नाही, असाच त्या ग्रंथांचा निष्कर्ष त्यांना दिसू लागला. १८८० मध्ये बंधू वारले. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. कन्या मनोरमा झाली. आणि १८८२ च्या आरंभी पतीचेही निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत या स्त्रीने आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांना निरोप दिला होता.

फुलहॅम येथील प्रश्न

पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून रमाबाई १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो हेतू तडीस गेला नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपल्या एका आश्रमात नेले. समाज ज्यांना पतित म्हणतो अशा स्त्रियांसाठी तो आश्रम होता.

रमाबाई स्मृतिग्रंथ वाचलेल्या होत्या. अशा स्त्रियांसाठी त्यांत सांगितलेले दंड त्यांना पाठ होते. येथे मात्र त्यांना निराळेच दृश्य दिसले. ज्यांचे जीवन एकदा चिखलात गेले होते, त्याच स्त्रिया आता सद्वर्तनी होऊन आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यांच्याशी बोलणाऱ्यांच्या स्वरात तिरस्कार नव्हता. हे लोक यांची एवढी काळजी का घेतात, असा सरळ प्रश्न रमाबाईंनी एका भगिनीला केला.

उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या भांड्यातले पाणीसुद्धा घेत नसत. अशा त्या जातीची एक स्त्री भर दुपारी विहिरीवर आली. तिने पाच नवरे केले होते आणि सहाव्याशी ती लग्नावाचून राहत होती. येशूने तिच्याजवळ प्यावयास पाणी मागितले. तिचे सारे आयुष्य त्याला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असताही त्याने ईश्वराच्या खऱ्या उपासनेविषयीचे गूढ ज्ञान तिलाच सांगितले. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या रमाबाईंना या पाण्याच्या मागणीचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे या मराठी ख्रिस्ती पंडितांच्या लेखनानेही त्यांच्या शंका फिटत गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

त्या निमूट शिष्या मात्र झाल्या नाहीत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे असण्यास त्यांनी हरकत घेतली. आपल्या जनांना परकी भाषा कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा वाद होता. चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांनी सिद्धांतांवर पत्रांतून झुंज घेतली. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या आणि साधे शुभ्र लुगडे नेसल्या.

आठ वर्षांनंतर

आमच्या विषयाच्या दृष्टीने रमाबाईंच्या जीवनातील सर्वांत मोलाची घटना यापुढची आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. रीतसर दीक्षा घेऊन हा मनुष्य अनेक वर्षे प्रवचने करीत होता; परंतु कृपेचा अनुभव त्याला आला तो १८५१ साली, कॉर्नवॉलमधील आपल्याच चर्चमध्ये प्रवचन करीत असताना. हे वाचून रमाबाईंनी आपले अंतर तपासले.

त्यांना दिसले ते थोडक्यात असे. पूर्वी त्या तीर्थे, व्रते आणि पारायणे यांच्या बळावर शांती शोधीत होत्या. आता त्यांच्या जागी प्रार्थनेचे नियम, सत्कृत्ये आणि धर्ममते आली होती. देव बदलला होता, हिशेबाची वही मात्र जुनीच होती. मी इतके करीन, मग तो मला स्वीकारील, हा क्रम मनातून गेलेला नव्हता. तो क्रम जेव्हा गळून पडला, जसे आहोत तसे आधीच स्वीकारले गेलो आहोत हे जेव्हा हृदयाला पटले, तेव्हा त्यांच्या मनाची वणवण थांबली.

धर्मांतर आणि कृपेचा बोध या दोन गोष्टी एक नव्हेत, हे रमाबाईंच्या या कबुलीवरून दिसते. बाप्तिस्म्याचे पाणी मस्तकावर पडून आठ वर्षे झाली तरी मन हिशेबातच अडकलेले राहू शकते, असे एक ख्रिस्ती साध्वीच सांगते. बाह्य उपचारात अडकून न पडण्याचा उपदेश आपल्याही संतांनी कमी केलेला नाही.

या अनुभवाची किंमतही लवकरच मोजावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले होते. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. येथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने कठोर टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्रयाला आलेल्या असहाय मुलींच्या मनावर धर्माचा प्रभाव पडू द्यावा काय, हा टीकाकारांचा प्रश्न आजही निरर्थक ठरत नाही. उघडे दार मी का लावावे, हा रमाबाईंचा प्रश्नही तितकाच खरा होता. आम्ही येथे निवाडा करीत नाही. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती, एवढेच नमूद करतो.

अजामिळाची आठवण

येथे श्रद्धाळू वाचक विचारील की, कृपेचा विचार काय फक्त ख्रिस्ती धर्मातच आहे? ज्या भागवताचे श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते, त्याच्याच सहाव्या स्कंधात अजामिळाचे आख्यान नाही काय?

आहे, आणि ते या प्रसंगी आठवणे अगदी उचित आहे. कान्यकुब्जाचा हा ब्राह्मण धर्मभ्रष्ट झाला, दासीच्या नादी लागला, चोऱ्या करू लागला. मरणसमयी यमदूत दिसताच त्याने भयाने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण होते. तेवढ्या नामोच्चारावर विष्णुदूत धावून आले. मग यमदूत आणि विष्णुदूत यांचा जो संवाद होतो, तो न्याय आणि कृपा यांचाच वाद आहे. अजामिळ सुटतो, आणि सुटल्यानंतर गंगाद्वारी जाऊन साधना करतो. येथेही सुटका आधी आणि पालट नंतर. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस भगवंताने अर्जुनाला दिलेले अभय कोणाला ठाऊक नाही? दक्षिणेतील श्रीवैष्णवांत तर या प्रश्नावर दोन पंथच झाले. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते, तसा भक्ताचा प्रयत्न हवा, असे वडकलै म्हणतात. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, असे तेंकलै म्हणतात. ऑगस्टीनच्या वादाची आणि या वादाची जात एकच आहे.

तथापि साम्य दाखविण्याच्या भरात भेद पुसून टाकणे हा दोन्ही श्रद्धांवर अन्याय होईल. हिंदू भक्त भगवंताच्या अनेक अवतारांना वंदन करतो आणि जन्मजन्मांतरीच्या वाटचालीवर विश्वास ठेवतो. ख्रिस्ती भाविकाच्या लेखी ईश्वराचे मनुष्यरूपाने येणे इतिहासात एकदाच घडले, जन्म एकच, आणि क्षमेचा आधार त्या एका क्रूसाचा. नामाच्या सामर्थ्याने सुटणे आणि दुसऱ्याने ऋण फेडल्यामुळे सुटणे या एकच गोष्टी नव्हेत.

मग रमाबाईंना कृपेची वाट परधर्मात का शोधावी लागली? आख्याने ग्रंथांत होती. परंतु दुष्काळात आई-बाप गमावलेल्या त्या मुलीला आणि पुढे त्या तरुण विधवेला आपल्या समाजातून जे शब्द ऐकू आले, ते बव्हंशी अधिकार, अनधिकार, पूर्वजन्मीचे पाप आणि प्रायश्चित्त हेच होते. अजामिळाचे पुराण ऐकून डोळे पुसणारा श्रोता घरी जाऊन केशवपन केलेल्या सुनेची सावली टाळीत असे. दोष आख्यानाचा नव्हता. ते ऐकून उठणाऱ्यांचा होता. ही गोष्ट कटू असली तरी सणाच्या दिवशीही सांगितली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

कृपेचे घर

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील भुकेल्या मुलींची दैना ऐकून रमाबाई तिकडे धावल्या. त्यांना स्वतःचे बाळपण आठवले असेल यात नवल नाही. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या आणि पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर वसविल्या. तेथे मुक्ती मिशन उभे राहिले. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलींची भर पडून ही संख्या दीड हजारांवर गेली. शेती, विणकाम, गोठा, छापखाना अशी अनेक कामे स्त्रियाच चालवू लागल्या. दुष्काळात जीव वाचविणाऱ्या हातांनी धर्मही द्यावा काय, हा वाद येथेही झाला. परंतु त्या मुली वाटेवर मरून पडल्या असत्या, याविषयी वाद नव्हता.

या वसाहतीतील घरांना रमाबाईंनी नावे दिली. वृद्धांसाठी प्रीतिसदन होते. अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन होते. येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्याचे ते नाव. आणि ज्यांना समाजाने पतित ठरविले, ज्यांना फसविले गेले, ज्यांना माहेर आणि सासर दोन्ही बंद झाली, अशा स्त्रियांचे जे घर होते त्याचे नाव कृपासदन.

फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंनी असे मराठी मातीत बांधून काढले. सिद्धांतग्रंथांत जो क्रम वाचावयास मिळतो, तोच या घराच्या उंबरठ्यावर दिसे. येणारीने आधी शुद्ध होऊन यावे, अशी अट नव्हती. आधी अन्न, वस्त्र आणि निजावयास जागा, मग अक्षरओळख, मग हाताला काम. अशांतल्या कित्येकींनी पुढे इतर दुबळ्यांना सांभाळले. क्षमा फुकट मिळाली तर सदाचाराला अर्थ काय उरतो, असा जो प्रश्न आम्ही आरंभी नोंदविला, त्याचे उत्तर येथे मिळते. जिला एकदा कोणीतरी हिशेब न विचारता आत घेतले, तिच्या हातून झालेली सेवा ही फळाच्या आशेने केलेली नसते. ती कृतज्ञतेतून उमटते. भयाने केलेल्या पुण्याहून तिचा गोडवा वेगळा असतो.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी एक मोठे काम अंगावर घेतले. इब्री आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ज्या पंडितेची वाणी संस्कृतात ओघवती होती, तिने या भाषांतरासाठी अल्पशिक्षित बायाबापड्यांना कळेल अशी साधी मराठी निवडली. ग्रंथाची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्यांचे बायबल त्यांच्या पश्चात, १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांना आणि मुलांना आसरा देत आहे.

वाचकहो, उडाऊ पुत्राच्या दृष्टांतात थोरला भाऊ दाराबाहेर उभा राहिला, तो आत गेला की नाही हे येशूने सांगितले नाही, असे आम्ही वर म्हटले. आम्हांस वाटते, ते त्याने ऐकणाऱ्यांवर सोपविले. आपण नेमाने पूजा करणारी, उपासतापास पाळणारी, कोणाचे न बुडविणारी माणसे. म्हणजे बहुधा थोरल्या भावाच्या जागी उभी असलेली. आपल्याही आप्तगोतात कोणी चुकलेला मुलगा असतो, मनाविरुद्ध लग्न करून गेलेली मुलगी असते, तुरुंगातून सुटून आलेला भाऊ असतो. वर्षानुवर्षे त्यांचे नाव घरात कोणी घेत नाही. तो आधी सुधारून दाखवील, मग पाहू, असे आपण म्हणतो. आणि तो बिचारा, कोणी आधी आत घेईल तर सुधारेन, या आशेवर उंबऱ्यापाशी घुटमळत राहतो.

ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. आपल्या देव्हाऱ्यातील देवही पतितपावन म्हणूनच ओळखला जातो. तेव्हा ज्या देवाला आपण हे नाव दिले, त्याच्या घरचे दार आपण तरी लावून घेऊ नये. आज एखाद्या दुरावलेल्या आप्ताला नाताळच्या निमित्ताने चार ओळींचे पत्र गेले, तरी केडगावच्या त्या साध्वीचे स्मरण सार्थ झाले असे आम्ही समजू.

सर्व ख्रिस्ती बंधुभगिनींना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!